दूध न पिणाऱ्या बालकाचे दात : विचार औषधापासून नव्हे, आहारापासून

'मूल दुधाला तोंड लावत नाही, त्याचे दात किडले आहेत, कॅल्शियमचे काहीतरी द्या,' ही मातांची तक्रार प्रत्येक वैद्याच्या परिचयाची आहे. अशा वेळी लेखणी सहजच प्रवाळ, शंख वा कुक्कुटांडत्वक् भस्माकडे वळते. ही सवय तपासून पाहावी आणि दंतपोषणाचा विचार प्रथम स्वयंपाकघरातून करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शारंगधरांनी दंत हा अस्थिधातूचा उपधातू मानला आहे. वाग्भटांनी अस्थिक्षयाच्या लक्षणांत दात, केस व नखे गळण्याचा उल्लेख केला आहे. काश्यपसंहितेत तर दंतजन्मिक हा स्वतंत्र अध्यायच आहे. अस्थीचे पोषण आहाररसातून, अग्नीच्या बलानुसार होते, हा आपला मूळ सिद्धांत आहे. चरकांनी जीवनीय द्रव्यांत दुधास अग्रस्थान दिले, ते यथार्थच आहे. मात्र त्याच शास्त्राने सात्म्यासही तितकेच महत्त्व दिले आहे. ज्या बालकास दुधाने अतिसार, आध्मान वा अंगावर गांधी होतात, ज्यास त्याची घृणा आहे, किंवा ज्या घरी रोज दूध घेणे परवडत नाही, त्याच्यावर दुधाचा आग्रह धरणे शास्त्रसंमत म्हणता येणार नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या शिशूस स्तन्यास पर्याय नाही. पुढील विवेचन त्यानंतरच्या वयासाठी आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार १ ते ३ वर्षांच्या बालकास रोज ५००, ४ ते ६ वर्षांच्या बालकास ५५० आणि ७ ते ९ वर्षांच्या बालकास ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. गाईच्या १०० मिलिलिटर दुधातून ते सुमारे १२० मिलिग्रॅम मिळते. याच्याशी आपल्या घरातील धान्ये ताडून पाहावीत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम, कुळथात २५० हून अधिक, राजगिऱ्याच्या दाण्यांत १५० हून अधिक आणि शेवग्याच्या पाल्यात ३०० हून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सालासकट तिळांत ते हजारावर जाते, पण साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळांत फारच थोडे उरते. आमटीतून बाजूला काढून टाकला जाणारा कढीपत्ताही या बाबतीत समृद्ध आहे. तो वाळवून चटणीत कुटल्यास पोटात जातो. कोकण-गोव्यात मांदेलीसारखी बारीक मासळी काट्यांसकट खाल्ली जाते. मांसाहारी कुटुंबांना तिचे मोल आवर्जून सांगावे.

पाच वर्षांच्या मुलाने दिवसभरात ५० ग्रॅम नाचणीची भाकरी वा आंबील, ३० ग्रॅम कुळथाचे पिठले, मूठभर शेवग्याचा पाला आणि दोन चमचे तिळाची चटणी घेतली, तरी साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास मजल जाते. उरलेली गरज इतर अन्नातून भागू शकते.

अर्थात, कोष्टकातील आकडा आणि शरीरास लागू पडणारा अंश एक नव्हेत. नाचणीतील फायटेट व तिळाच्या सालीतील ऑक्झलेट कॅल्शियमच्या शोषणास अडथळा करतात. पालकातील कॅल्शियम तर ऑक्झलेटमुळे बव्हंशी वायाच जाते, म्हणून या कारणासाठी पालक सुचवू नये. एकाच पदार्थावर भिस्त न ठेवता विविधता राखणे हाच यावर मार्ग आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, आंबवून घेण्याच्या आपल्या जुन्या रीतींनी फायटेट घटते. आपल्या परिभाषेत हा संस्कार होय. लहान मुलांस तीळ भाजून, कुटूनच द्यावेत. सूर्यप्रकाशापासून मिळणाऱ्या 'ड' जीवनसत्त्वाविना कॅल्शियमचे शोषण नीट होत नाही, म्हणून अंगणातील खेळही पथ्यातच लिहावा.

वाग्भटांनी रसायनाध्यायात रोज एक प्रकुंच, म्हणजे एक पल, काळे तीळ थंड पाण्याच्या अनुपानाने खाण्यास सांगितले असून, त्याने दात आमरण दृढ राहतात असे फल वर्णिले आहे. ती मात्रा बालकास जशीच्या तशी लावू नये; परंतु तेथे तिळासोबत गूळ सांगितलेला नाही, हे ध्यानात घ्यावे. आज आपण नाचणीची खीर, तिळाची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू असे जे जे सुचवितो, ते बहुधा गुळात वा साखरेत घोळलेले असते. दाताला चिकटून राहणारी साखर हे कृमिदंताचे प्रमुख कारण होय. त्यात आपण दिलेले अवलेह, पाक व साखरेचे कल्प यांची भर पडते. एका हाताने अस्थिपोषण आणि दुसऱ्या हाताने दंतनाश, असा हा व्यवहार आहे. म्हणून चिक्कीऐवजी चटणी, खिरीऐवजी ताकाविना केलेली मीठ-जिऱ्याची आंबील, लाडवाऐवजी थालीपीठ सुचवावे. संक्रांतीचा तिळगूळ आनंदाने खावा, पण तो जेवणाबरोबर खाऊन चूळ भरावी. झोपण्यापूर्वी गोड कल्प देऊ नये.

येथे एक मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. दुधाच्या दातांचे खनिजीकरण गर्भावस्थेतच सुरू होते, तर अक्कलदाढा वगळता कायमच्या दातांची शिखरे साधारण आठव्या वर्षापर्यंत घडून पूर्ण होतात. एकदा घडलेले दंतवल्क शरीर पुन्हा निर्माण करीत नाही. म्हणून आहाराचा खरा काळ गर्भिणीपासून त्या बालकाच्या आठव्या वर्षापर्यंतचा आहे. पडलेला खड्डा नाचणीने भरत नाही आणि प्रवाळानेही भरत नाही. त्यासाठी दंतवैद्याकडेच पाठवावे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसारख्या फ्लोराइडग्रस्त भागांत दातांवरील डाग पाहून कॅल्शियमची उणीव ठरविण्यापूर्वी पिण्याच्या पाण्याची चौकशी करावी.

भस्मांचा येथे निषेध करावयाचा नाही. शंख, शुक्ती, कपर्दिक ही मुख्यतः चुन्याच्याच वर्गातील द्रव्ये असली, तरी ती औषधे आहेत. त्यांना व्याधी, अवस्था, मात्रा व कालमर्यादा हवी. आहारातील उणीव भरून काढण्यासाठी महिनोन्महिने बालकास ती देत राहणे म्हणजे औषधास अन्नाच्या जागी बसविणे होय. मातेलाही त्यातून चुकीचा धडा मिळतो. पुडी चालू आहे, तेव्हा जेवणाकडे पाहण्याचे कारण नाही, अशी तिची समजूत होते.

यासाठी प्रत्येक वैद्याने दूध न घेणाऱ्या बालकाच्या रुग्णपत्रिकेत तीन दिवसांची आहारनोंद ठेवावी. तीत गोड पदार्थ किती वेळा खाल्ले, हेही लिहावे. आपल्या संघटनेने कोकण, देश, मराठवाडा, विदर्भ अशा त्या त्या भागातील धान्य-भाज्यांप्रमाणे एकपानी पथ्यपत्रके सिद्ध करून सभासदांस पुरवावीत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले व नाचणीचा पुष्कळ गौरव झाला. तो गौरव बालकाच्या ताटापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र घराघरांत विश्वासाने प्रवेश असणाऱ्या वैद्यालाच करावे लागेल. आहाराला महाभैषज्य म्हणणाऱ्या परंपरेचे आपण वारसदार आहोत. आपल्या चिकित्सापत्राची पहिली ओळ त्या वारशास साजेशी असावी, इतकीच विनंती.