धूर गाडण्याचे आश्वासन

मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात असलेल्या एका मोठ्या वायुक्षेत्राचे नाव ‘बसीन’ आहे. बसीन म्हणजे इंग्रजी अमदानीतील वसई. १९७६ साली सापडलेले आणि १९८८ पासून हजिऱ्यास नैसर्गिक वायू पुरविणारे हे क्षेत्र इतर क्षेत्रांप्रमाणेच केव्हा तरी रिते होणार. अशा रित्या झालेल्या खडकांत कारखान्यांतील कर्बवायू कोंडावा व पृथ्वीची तापमानवाढ आवरावी, अशी योजना तेल कंपन्या आता पुढे करीत आहेत. तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने २०२२ मध्ये ‘शेल’शी केलेला संयुक्त अभ्यासाचा करार याच दिशेचा आहे.

ही कल्पना अशास्त्रीय आहे, असे कोणी म्हणणार नाही. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून कर्बवायू समुद्रतळाखाली सोडला जात आहे. मात्र त्यामागे कंपनीचे औदार्य नसून १९९१ साली तेथील सरकारने लावलेला कर होता, हे विसरता कामा नये. उलट, ऑस्ट्रेलियातील गॉर्गन प्रकल्पात वायूचे उत्पादन २०१६ मध्ये सुरू झाले, आणि कर्बवायू गाडण्यास मुहूर्त लागला तो २०१९ मध्ये. पहिल्या पाच वर्षांसाठी घातलेली अटही कंपनीला पाळता आली नाही. नफा आधी आणि प्रायश्चित्त सवडीने, असा हा न्याय आहे.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. जगात आजवर पकडलेला बहुतांश कर्बवायू जुन्या विहिरींतील उरलेसुरले तेल वर ढकलण्यासाठीच वापरला गेला. कोयली शुद्धीकरण कारखान्यातील कर्बवायू गांधार तेलक्षेत्रात नेण्याविषयी २०१९ मध्ये झालेल्या कराराचा हेतूही हाच होता. टेक्सासमधील पेट्रा नोव्हा प्रकल्प २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळताच बंद पडला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. हवेच्या शुद्धतेची चिंता बाजारभावाबरोबर चढत-उतरत असेल, तर तिला चिंता म्हणावे काय?

शिवाय, तेलाचा बहुतेक धूर विहिरीपाशी नव्हे, तर ते जळते तेथे निघतो. वसई-विरारच्या रस्त्यांवर धावणाऱ्या वाहनांतून सुटलेला कर्बवायू कोणत्याही विहिरीत परत नेता येत नाही. २०१८ च्या जुलैत हे शहर जलमय झाले, तेव्हा मिठागरांतील वस्ती पाण्याने वेढली गेली व रेल्वे ठप्प झाली. त्या पुरास बुजविलेल्या पाणथळ जमिनीही जबाबदार होत्या, हे खरे. परंतु समुद्र चढत गेला तर अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंतच्या वस्त्यांना भोगावे लागेल, ते याहून अधिक असेल.

म्हणून सरकारने तीन बंधने घालावीत. गाडलेल्या वायूचे मोजमाप स्वतंत्र यंत्रणेने करावे. गळतीची जबाबदारी क्षेत्र बंद झाल्यावरही कंपनीवर राहावी. आणि ज्या प्रकल्पातून अधिक तेल उपसले जाणार आहे, त्यास सार्वजनिक तिजोरीतून पैसा देऊ नये. पोलाद व सिमेंटच्या कारखान्यांना, जेथे दुसरा उपाय सहज नाही, तेथे ही विद्या अवश्य वापरावी. तेल कंपन्यांना मात्र ती उपसा चालू ठेवण्याचा परवाना म्हणून मिळता कामा नये. उद्या गाडू या वचनावर आज अधिक जाळणे, ही वसईकरांच्या पुढील पिढीच्या नावावर काढलेली उधारी आहे.