जहाजांसाठी ७० हजार कोटी आले, पण तुमचा पैसा कुठे लावायचा?



मागच्या आठवड्यात रत्नागिरीकडच्या एका मुलाचा फोन आला. घरची एक बोट आहे, वडील तांडेल. म्हणाला, "सर, सरकार आता समुद्रात एवढा पैसा ओततंय, तर दुसरी बोट घेऊन टाकू का? सेकंडहँड ट्रॉलर आहे, ४५ लाखाला देतोय. आईचे दागिने आणि राहतं घर तारण ठेवायला बाबा तयार आहेत."

मी त्याला म्हटलं, थांब. आधी हे कळू दे की सरकार पैसा कुठे ओततंय आणि तू कुठे उभा आहेस. हा लेख त्या फोनवरूनच लिहिलाय, कारण असाच प्रश्न फॅब्रिकेशनवाले, इंजिन दुरुस्तीवाले, मासळीवाले सगळेच विचारतायत.

आपल्याकडे "समुद्राचा धंदा" म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतात. पण माल वाहणं, जहाज बांधणं आणि मासे मारणं हे तीन वेगळे धंदे आहेत. तिघांचं भविष्यही वेगळं आहे. एकाला आलेली भरती दुसऱ्याच्या दारात पाणी आणेलच असं नाही. उलट कधीकधी एकाच्या भरतीत दुसऱ्याचं घर बुडतं.

पहिलं जहाज वाहतुकीचं पटकन सांगून टाकतो, कारण तिथे तुमच्या-माझ्यासारख्याला फारसं काही नाही. देशाचा परदेश व्यापार वजनानं बघितला तर सुमारे ९५ टक्के समुद्रातूनच होतो. पण त्यातला बहुतेक माल परदेशी जहाजांवरून जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरला पंतप्रधानांनीच सांगितलं की परदेशी कंपन्यांना आपण वर्षाला सुमारे ६ लाख कोटी रुपये भाडं देतो. ५० वर्षांपूर्वी आपला ४० टक्के व्यापार भारतीय जहाजांवर होता, आता ५ टक्के उरलाय, हेही त्यांनीच सांगितलं. आणि लक्षात घ्या, भारतीय मालकीची पहिली मोठी जहाज कंपनी उभी करणाऱ्यांत आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. ५ एप्रिल १९१९ ला सिंधिया कंपनीचं 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून आजही ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. दिवस पाळतो, जहाजं मात्र भाड्यानं घेतो. असो. हा खेळ शेकडो कोटींचा आहे, स्वस्त व्याजाचा आहे. तो मोठ्यांना खेळू दे.

आता जहाजबांधणी. इथे मात्र नीट थांबूया.

जगातली ९० टक्क्यांहून जास्त जहाजं चीन, कोरिया आणि जपान बांधतात. आपला वाटा १ टक्क्याच्याही खाली. २४ सप्टेंबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं. त्यात जहाज बांधणाऱ्याला थेट मदत २४,७३६ कोटी, भांडवल आणि व्याजासाठी २५,००० कोटींचा निधी, आणि नवी यार्डं वाढवायला १९,९८९ कोटी. मदतीची योजना मार्च २०३६ पर्यंत आहे. म्हणजे हा एका बजेटचा फटाका नाही, दहा वर्षांचा कार्यक्रम आहे. ही चांगली गोष्ट आहे आणि मी ती चांगलीच म्हणतो.

पण माझं मत असं की पहिली चार-पाच वर्षं छोट्या माणसाला यातून पैसा दिसेल तो मोठ्या जहाजांतून नाही, छोट्या बोटींतून आणि दुरुस्तीतून. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन जाणारी रो-रो २०२० साली सुरू झाली, ती बोट ग्रीसमध्ये बांधलेली. आपल्या समोरच्या खाडीत चालणारी बोट ग्रीसहून आली! उलट कोचीच्या वॉटर मेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या बोटी कोचीन शिपयार्डनंच बांधल्या आणि २०२३ पासून त्या पळतायत. फेरी, बार्ज, टग, गस्ती नौका, यांत पाइपिंग, वायरिंग, रंगकाम, इन्सुलेशन, फर्निचर, हॅच, रेलिंग अशी शेकडो कामं असतात आणि ती बाहेरच दिली जातात.

तुमचं वर्कशॉप असेल तर तीन कागद या महिन्यात बघा. उद्यम नोंदणी आहे का? तुमच्या वेल्डरकडे जहाजकामाला चालणारं, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या क्लास संस्थेनं मान्य केलेलं प्रमाणपत्र आहे का? जीईएम पोर्टलवर तुम्ही दिसता का? माझगाव डॉक, गोवा शिपयार्ड या सरकारी कंपन्या आहेत, आणि सरकारी कंपन्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करावी असं धोरणच आहे. नोंदणीच नसेल तर हे धोरण तुमच्या काय कामाचं?

आणि आता कडू भाग. ट्रेनिंगमध्ये येण्याआधी माझं स्वतःचं छोटं फॅब्रिकेशन होतं. एका खासगी यार्डाचं काम मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. दोन वर्षांत माझा ८० टक्के धंदा त्या एका गेटवर अवलंबून झाला. तिसऱ्या वर्षी बिलं अडकली. "पुढच्या आठवड्यात या" ऐकत सात महिने गेले, माणसांचे पगार मी बायकोची एफडी मोडून दिले. यार्डात जहाज दोन-तीन वर्षं उभं असतं. मालकाचा हप्ता आला तर तुमचं बिल निघतं, नाहीतर नाही. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

हे माझ्यापुरतंच नाही. एबीजी शिपयार्ड एकेकाळी देशातलं मोठं खासगी यार्ड होतं. २०२२ साली सीबीआयनं २२,८४२ कोटींच्या बँक फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, तोवर यार्ड कधीच बंद पडलेलं होतं. बँकांची चर्चा पेपरात झाली. त्यांच्या छोट्या सप्लायरची कुठे झाली? गोव्याचं बघा. मांडवी-जुवारीतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्ज, त्या बांधणारी-दुरुस्त करणारी छोटी यार्डं, सगळं एका खाणधंद्यावर. २०१२ साली खाणी थांबल्या आणि बार्ज नदीत उभ्या राहिल्या. चालू झाल्या, २०१८ ला परत थांबल्या. ज्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं त्यांनी काय केलं असेल, तुम्हीच विचार करा.

म्हणून काम घ्या, जरूर घ्या. पण एका यार्डाला एकतृतीयांशपेक्षा जास्त धंदा देऊ नका, ॲडव्हान्सशिवाय स्टील उचलू नका, आणि ४५ दिवसांचा कायदा तोंडपाठ ठेवा. एमएसएमई कायद्यात उशिराच्या पेमेंटवर चक्रवाढ व्याज मागता येतं. आता तर सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल वेळेत दिलं नाही तर तो खर्च घेणाऱ्याला आयकरात त्या वर्षी दाखवता येत नाही. हे वाक्य नम्रपणे ईमेलमध्ये टाकायचं. भांडायची गरज पडत नाही.

आता त्या मुलाकडे येऊ. मासेमारी.

आकडे ऐकले की छाती फुगते. मासे उत्पादनात भारत जगात दुसरा. २०२४-२५ मध्ये आपण ६२ हजार कोटींच्या वर सीफूड निर्यात केली. पण त्यातला मोठा हिस्सा तळ्यात वाढवलेल्या कोळंबीचा आहे, आणि देशातलं सुमारे तीनचतुर्थांश उत्पादन नद्या, तलाव, शेततळ्यातलं आहे. समुद्रात जाळं टाकणाऱ्याचा वाटा त्यात लहान. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तर २०१९ साली सुमारे २ लाख टनच मासळी उतरली, ४५ वर्षांतली सगळ्यात कमी. एका वादळी वर्षावरून निकाल लावू नये, मान्य. पण कुठल्याही बंदरात जाऊन म्हाताऱ्या तांडेलाला विचारा, पूर्वी किती वावांवर मासा मिळायचा आणि आता किती लांब जावं लागतं. पर्ससीनवर निर्बंध आहेत, एलईडी मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात उजेड दिसतोच ना?

त्या मुलाला मी वही घेऊन बसवलं. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस बोट किनाऱ्याला. वादळाच्या इशाऱ्यांचे दिवस वेगळे. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने. प्रत्येक फेरीला डिझेल, बर्फ, रेशन, खलाशांचा ॲडव्हान्स हे आधी द्यायचं. डिझेलचा परतावा येतो, पण कधी येतो ते तुमच्या सोसायटीला विचारा. आणि ज्या व्यापाऱ्यानं सीझनच्या सुरुवातीला उचल दिली त्यालाच मासळी घालायची, त्यानं म्हटलेल्या भावात. मी विचारलं, "दुसऱ्या बोटीनं मासे वाढतील की फक्त तेच मासे धरायचा खर्च वाढेल?" तो बराच वेळ गप्प होता.

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या किनाऱ्यावर नवीन बोटीत नाही, बोट आणि ताट यांच्या मधल्या जागेत पैसा आहे. बर्फ, इन्सुलेटेड गाडी, साफ करून पॅक केलेली मासळी, स्वच्छ वाळवलेला बोंबील-जवळा, पुणे-कोल्हापूरची ठरलेली गिऱ्हाइकं. रत्नागिरीच्या गद्रे मरीननं भाव नसलेल्या राणी माशासारख्या मासळीपासून सुरिमी करून जगात विकली. मासा तोच, किंमत मधल्या कामानं वाढली. मत्स्यसंपदा योजनेत अशा युनिटला, गाडीला ४० टक्के अनुदान आहे, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. घरात आई लिलावात उभी राहते ना? मग अर्ज तिच्या नावानं करा.

निर्यातीच्या मागे आंधळेपणानं लागू नका, एवढं मात्र सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा आंध्रच्या कोळंबीवाल्यांची झोप उडाली. एकच गिऱ्हाईक, परत तोच रोग.

आणि वाढवण. ७६,२२० कोटींचं बंदर पालघरला होतंय, ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. देशाला खोल पाण्याचं बंदर हवंय हे मला पटतं. पण तिथला मच्छीमार विरोध करतो तेव्हा त्याला "विकासाच्या आड येणारा" म्हणणं मला पटत नाही. त्याचा चालू धंदा जाणार आहे. क्रेन चालवायचं ट्रेनिंग त्याच्या मुलाला मिळेल कदाचित, पण पन्नाशीच्या तांडेलाला नाही. नुकसानभरपाईचा हिशेब बोटीवर थांबून चालणार नाही. जाळं विणणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या बाईचं उत्पन्नही त्यात धरायला हवं.

तो मुलगा काल परत बोलला. ट्रॉलरवाल्याला नाही सांगितलंय. बाबा दोन दिवस बोलत नव्हते. आता आईच्या नावानं छोट्या इन्सुलेटेड गाडीचा अर्ज भरायचाय, सोबत चिपळूण-कराडच्या सहा हॉटेलांशी बोलणं चालू आहे. त्याला मी सांगितलंय, सहापैकी चार जणांनी आठवड्याचा माल लेखी कळवला की मगच कर्जाच्या कागदावर सही. आत्तापर्यंत दोघांनी कळवलंय.