कमरेवरची जखम अंगावर काढू नका



कपाशीवर अळी दिसली की आपण लगेच पंप पाठीवर घेतो. कमरेवरची जखम मात्र वर्ष-वर्ष अंगावर काढतो.

मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणारा कातडीचा कॅन्सर नोंदवला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायांमध्ये तेच पाहिले. कारण परकराची नाडी आणि लुगड्याची गाठ. रोज तीच जागा घासते, घाम-धूळ बसते, कातडी सोलते, भरते, पुन्हा चिघळते. असे वर्षानुवर्षे चालले तर क्वचित तिथे कॅन्सर धरतो. भाजल्याच्या जुन्या व्रणातही तो होतो.

उपाय बिनपैशाचा आहे. नाडी रुंद घ्या, सैल बांधा, गाठीची जागा बदला. महिनाभरात न भरणारी जखम, उठलेली गाठ, तळपायावर पसरणारा काळा डाग दिसला तर मलमावर दिवस काढू नका. जिल्हा रुग्णालयात जा, तुकडा काढून तपासून घ्या. वेळेत सापडला तर बहुधा लहान शस्त्रक्रियेत भागते. जांघेत गाठी उतरल्या की शेत विकायची पाळी येते.

बाई लाजेने बोलत नाही. भावांनो, आज घरी गेल्यावर तुम्हीच विचारा.