शतपावली पुरेशी नाही

जगभरातील कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णांची संख्या २०५० पर्यंत सुमारे २ कोटी ५२ लाखांवर जाईल, असा अंदाज ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडण्यात आला. २०२१ च्या तुलनेत ही वाढ ११२ टक्के आहे आणि तिचे सर्वांत मोठे कारण आहे वाढते वय असलेली लोकसंख्या. या आजाराची लक्षणे आटोक्यात ठेवणारी औषधे उपलब्ध आहेत. आजाराची वाटचालच मंदावते, असे निर्विवाद सिद्ध झालेले औषध मात्र अजून एकही नाही. या पार्श्वभूमीवर एका साध्या उपायाकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे. तो म्हणजे दम लागेल असा व्यायाम, ज्याला एरोबिक व्यायाम म्हणतात.

व्यायाम चांगला, हे सांगायला संशोधन कशाला, असे कोणीही विचारेल. पण कंपवाताच्या बाबतीत प्रश्न अधिक नेमका आहे. किती व्यायाम, किती जोराचा आणि आठवड्यातून किती वेळा? आपल्याकडे दवाखान्यातून बाहेर पडताना रुग्णाला गोळ्यांची मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि वेळ घड्याळाच्या काट्यावर सांगितली जाते. व्यायामाबद्दल मात्र ‘थोडे चालत जा’ एवढेच.

कंपवातात मेंदूच्या एका लहान भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचाली मंदावणे, स्नायू ताठरणे, हात थरथरणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा त्या भागातील पेशींचे बरेच नुकसान आधीच झालेले असते. म्हणून निदानानंतरची पहिली काही वर्षे मोलाची. नेमक्या याच काळात अनेक रुग्ण हालचाल कमी करतात. पडण्याची भीती असते, लोकांसमोर हात थरथरतो याचा संकोच असतो. शिवाय घरचे लोक मायेपोटी पिशवी हातातून काढून घेतात आणि ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ म्हणतात.

जोराच्या व्यायामाचा प्रश्न अमेरिकेतील ‘स्पार्क्स’ या चाचणीने थेट हाताळला. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त छापून आले. कोलोरॅडो, शिकागो आणि पिट्सबर्ग येथील १२८ रुग्ण तिच्यात होते. सगळे आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले होते आणि कंपवाताची औषधे अद्याप सुरू न झालेले. त्यांचे तीन गट केले गेले. पहिल्या गटाने ट्रेडमिलवर हृदयगती कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांवर नेऊन व्यायाम करायचा, दुसऱ्याने ६० ते ६५ टक्क्यांवर, तर तिसऱ्याने आपला नेहमीचा दिनक्रम चालू ठेवायचा. अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस, सहा महिने असे वेळापत्रक होते.

सहा महिन्यांनी हालचालींची स्थिती मोजणाऱ्या १०८ गुणांच्या पट्टीवर, जिच्यात गुण वाढणे म्हणजे आजार वाढणे, नेहमीचा दिनक्रम ठेवणाऱ्यांचे गुण सरासरी ३.२ ने वाढले. मध्यम व्यायाम करणाऱ्यांचे २ ने वाढले, तर जोराचा व्यायाम करणाऱ्यांचे केवळ ०.३ ने. जोराचा व्यायाम पुढच्या मोठ्या चाचणीला पात्र आहे, मध्यम नाही, असा निष्कर्ष निघाला. आणखी एक तपशील व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. चार दिवस ठरवूनही जोराच्या गटातील लोक प्रत्यक्षात आठवड्याला सरासरी २.८ दिवसच व्यायाम करू शकले. तरीही फरक दिसला.

नेदरलँड्समध्ये १३० रुग्णांवर झालेली ‘पार्क-इन-शेप’ ही चाचणी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आली. तिच्यात रुग्णांनी घरच्या घरी जागेवरची सायकल चालवली. कंटाळा येऊ नये म्हणून समोरच्या पडद्यावर खेळ होते. आठवड्यातून तीनदा, ३० ते ४५ मिनिटे. तुलनेसाठीचा गट स्नायू ताणण्याचे व्यायाम करत होता. सहा महिन्यांनंतर औषधाचा अंमल उतरलेला असताना तपासले, तेव्हा सायकलवाल्या गटाची स्थिती ४.२ गुणांनी चांगली होती. याच रुग्णांपैकी काहींच्या मेंदूची एमआरआय तपासणी झाली. तिच्यात हालचालींशी संबंधित भागांमधील जोडण्यांमध्ये अनुकूल बदल दिसल्याचे संशोधकांनी २०२२ मध्ये नोंदवले.

मग मंद व्यायाम निरुपयोगी म्हणायचा का? तसे नाही. ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०२३ मध्ये १५६ चाचण्या आणि ७,९३९ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. नृत्य, पाण्यातले व्यायाम, चालण्याचे प्रशिक्षण, ताकदीचे व्यायाम अशा बहुतेक प्रकारांनी हालचाल किंवा जगण्याची गुणवत्ता सुधारते आणि या प्रकारांमध्ये फार मोठा फरक दिसत नाही, असे त्यातून पुढे आले. दोन्ही निष्कर्ष वरवर विसंगत वाटतात, पण प्रश्न वेगळे आहेत. आज बरे चालता यावे, तोल सांभाळावा, मन प्रसन्न राहावे यासाठी जो व्यायाम आवडीने होतो तो चांगला. आजाराची वाढ रोखता येते का, या प्रश्नाच्या उत्तराची आशा मात्र सध्या जोराच्या एरोबिक व्यायामात अधिक दिसते. ही आशाच आहे, सिद्ध झालेले सत्य नव्हे. सहा महिन्यांच्या चाचण्यांवरून वीस वर्षे चालणाऱ्या आजाराबद्दल ठाम बोलता येत नाही. म्हणूनच ‘स्पार्क्स’च्या संशोधकांनी ३७० रुग्णांची मोठी, अधिक काळ चालणारी चाचणी हाती घेतली.

या आकड्यांचा घरगुती हिशेब असा. २२० मधून वय वजा केले की कमाल हृदयगतीचा ढोबळ अंदाज मिळतो. ६५ वर्षांच्या माणसासाठी तो १५५ ठोके. त्याच्या ८० ते ८५ टक्के म्हणजे मिनिटाला साधारण १२४ ते १३२ ठोके. जेवणानंतरच्या शतपावलीत किंवा बागेत गप्पा मारत मारलेल्या फेरीत नाडी तिथवर पोचत नाही. घरकामाचेही तेच. त्याने थकवा येतो, पण हृदयगती सलग अर्धा तास चढलेली राहत नाही. नाडी मोजायची नसेल तर बोलण्यावरून अंदाज घेता येतो. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा.

नाडीचा हिशेब सर्वांना लागू पडत नाही. कंपवातात स्वायत्त मज्जासंस्थेवर परिणाम झाला की श्रम करूनही ठोके पुरेसे वाढत नाहीत. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांचेही असेच होते. अशा वेळी ‘किती दम लागला’ हेच माप धरावे लागते. काहींचा रक्तदाब उभे राहताच उतरतो आणि चक्कर येते. म्हणून जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी, गरज असल्यास स्ट्रेस टेस्ट, आणि मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक. औषधाचा अंमल चांगला असतानाची वेळ निवडावी आणि जोर काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावा.

चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, त्यांच्यासाठी मोकळ्या रस्त्यावर वेगाने चालणे किंवा आधाराशिवाय ट्रेडमिल धोक्याची. त्यांना जागेवरची सायकल बरी. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ५८ वर्षांच्या एका रुग्णाची नोंद केली होती. त्याला चार पावले टाकणे कठीण होते, पण सायकलवर बसवताच तो ती सहज चालवत असे.

सल्ला एवढा नेमका असेल तर तो देणारी आणि पाळायला मदत करणारी माणसे हवीत. नेदरलँड्सने २००४ पासून ‘पार्किन्सननेट’ हे कंपवाताचे खास प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टांचे जाळे उभारले. अशा थेरपिस्टांकडे जाणाऱ्या रुग्णांमध्ये गुंतागुंत कमी आणि खर्चही कमी, असे तिथल्या विम्याच्या नोंदींतून दिसले. आपल्याकडे सरकारी योजना आणि बहुतेक विमा पॉलिसींचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. पडून खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. ते मोडू नये म्हणून वर्षभर घेतलेल्या फिजिओथेरपीचे सहसा मिळत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पार्किन्सन्सला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले, पण नियमित व्यायामाची सोय त्यातून आपोआप होत नाही.

ही पोकळी काही प्रमाणात स्वमदत गट भरून काढत आहेत. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणते. मुंबईतील पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून रुग्णांसाठी गटाने उपक्रम घेते. गटाचा मोठा फायदा म्हणजे सातत्य. उपकरण कितीही चांगले असले तरी तिसऱ्या महिन्यात त्यावर कपडे वाळत पडतात. वाट पाहणारे चार जण असले की माणूस येतो.

व्यायामाने गोळ्या बंद होत नाहीत, आणि तसे आश्वासन देणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे. उलट गोळ्यांचा अंमल चांगला असेल तरच व्यायाम नीट होतो. पण निदानाच्या दिवशी औषधाच्या चिठ्ठीवर व्यायामाचा प्रकार, मिनिटे, दिवस आणि जोर लिहून देणे, तीन महिन्यांनी त्याची विचारपूस करणे, यासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. घरच्यांनीही ‘तुम्ही बसा’ऐवजी ‘चला, मी येतो बरोबर’ म्हणायला हरकत नाही.