आठ एकरांची मोटारसायकल

आमच्या शिरपूरच्या जैन मंदिरातला अंतरिक्ष पार्श्वनाथ मी पोरपणी एका झरोक्यातून पाहिला. दाराला कुलूप होतं. झरोक्याला डोळा लावून थोडा वेळ थांबलं की अंधारातून काळी मूर्ती हळूहळू दिसू लागायची. मागचा माणूस पाठीला टोचायचा, "सरक ना बाबू." बाहेर पडलं की आजी सांगायची, देव जमिनीला टेकत नाही. पूर्वी म्हणे त्याच्या खालून घोडेस्वार निघून जायचा, आता फक्त कापड सरकवता येतं.

ते कुलूप १९८१ साली लागलं आणि मार्च २०२३ मध्ये निघालं. बेचाळीस वर्षं. कुलूप लागलं तेव्हा पाळण्यात असलेली पोरं ते निघेपर्यंत बाप झाली. कुलूप लागलं ते जैनांच्या दिगंबर आणि श्वेतांबर या दोन पंथांतल्या वादामुळे, आणि तो वाद त्याच्याही फार आधीचा. १९०५ साली दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. तेही टिकलं नाही. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १९२९ साली तिथला निकाल आला, तरी भांडण मिटलं नाही. व्यवस्थापन कोणाचं, मूर्तीला लेप कोण लावणार, कमरेवर कटिसूत्र आणि कचोटा, म्हणजे करदोडा आणि लंगोट, दिसणार की नाही, यावर पिढ्या गेल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानं दार उघडायचं ठरलं. दार उघडलं आणि काही दिवसांतच आवारात हाणामारी होऊन पोलिसांचा बंदोबस्त लागला.

मी जैन नाही. सोयाबीन-तुरीचा शेतकरी आहे. कोणाची बाजू खरी हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण या गावात जन्मलो म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. पार्श्वनाथानं चारच व्रतं सांगितली. हिंसा नको, खोटं नको, चोरी नको, परिग्रह नको. धर्मानंद कोसंबींनी यावर मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं, 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म'. परिग्रह म्हणजे साठवणं, धरून ठेवणं, माझं म्हणणं. दोन्ही पंथांचे साधू घरदार टाकून आजही अनवाणी चालत या गावात येतात. ज्यानं माझं म्हणायचं सोडा असं सांगितलं, त्याच्याच मूर्तीला आपण माझी म्हणालो आणि शंभर वर्षं कोर्टात उभं केलं. याची लाज दोन्ही बाजूंना वाटली पाहिजे.

आणि त्या कुलपाकडे बोट दाखवून हसणाऱ्या आम्हा बाकीच्या गावकऱ्यांना तर जास्त लाज वाटली पाहिजे, कारण तोच परिग्रह आमच्या लग्नाच्या मांडवात दिसतो.

मागच्या वैशाखात चुलतभावाच्या पोरीचं लग्न झालं. मांडवाच्या एका कडेला आंदण मांडलं होतं. दिवाण, गादी, लोखंडी कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर, सोफा, स्टीलच्या भांड्यांची उतरंड, आणि सगळ्यांच्या पुढे हार घातलेली मोटारसायकल. जेवणावळ सुरू व्हायच्या आधी माईकवरून यादी वाचली. एकेक वस्तू, तिच्या कंपनीच्या नावासकट. लोक माना वळवून पाहत होते. फ्रिज एका दाराचा की दोन दारांचा, यावर माझ्या पंगतीत चर्चा चालली होती. पोरीचा बाप दिवाणाच्या पायाशी हात बांधून उभा होता, आणि कोणी पाहिलं, कोणी नाही पाहिलं, ते टिपत होता.

त्याच्याकडे पाच एकर कोरडवाहू आहे. माझं गणित सांगतो, त्याचं काही वेगळं नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४८९२ रुपये. माझ्या मालाला अडत्याकडे लागले ४२००. एकरी सात क्विंटल झालं, म्हणजे २९,४०० रुपये. बियाणं, खत, फवारणी, निंदण, सोंगणी, मळणी आणि गाडीभाडं मिळून सतरा हजार गेले. उरले १२,४००, आणि त्यात माझी अन् घरच्यांची मजुरी धरलेली नाही. मोटारसायकल लाखाची. म्हणजे आठ एकरांची वर्षभराची शिल्लक, आणि त्याच्याकडे जमीन पाच एकर. फ्रिज दोन एकरांचा. सोफ्यावर बसणाऱ्याला मी विचारतो, बाबा, तू किती एकरांवर बसला आहेस?

लग्नाआधी मी त्याला बोललो होतो. तो म्हणाला, "दादा, लोकं काय म्हणतीन? पोरगी रिकामी धाडली म्हणतीन." दोन एकर गहाण पडली. पोराचं बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सुटलं, तो आता पुण्याकडे एका कारखान्यात बारा तास उभा राहतो. ज्या लोकांच्या तोंडासाठी हे केलं, त्यांनी त्या पोराचं नावही विचारलं नाही.

शहरातले शहाणे इथे लगेच उडी मारतात की शेतकरी लग्नापायी बुडतो. त्यांना मी आधीच सांगतो, खोटं आहे. पाणी नाही, भाव नाही, बँक दारात उभी करत नाही, हे आमच्या मरणाचं पहिलं कारण. २००६ साली विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्यात आमचा वाशीम होता. ते पाप सरकारचं, आणि मी ते कोणाला धुऊन देणार नाही. पण बुडणाऱ्याच्या गळ्यात आणखी धोंडा बांधायचं काम आपण भाऊबंद करतो. ते पाप आपलं.

पैसा आला तरी दिखाव्याचा हा रोग जात नाही, हेही आम्ही पाहिलं. समृद्धी महामार्ग आमच्या मालेगाव तालुक्यातून गेला. जमिनी गेल्या, मोबदले आले. काही शहाण्यांनी दुसरीकडे शेती घेतली, विहिरी खोदल्या. पण दारात मोठी गाडी उभी राहिली आणि वावर संपलं, अशी घरंही मी ओळखतो. एका घरातला पोरगा आज त्याच गाडीवर भाडं मारतो. आजोबाचं वावर कुठं होतं असं विचारलं, तर रस्त्याच्या कठड्याकडे हात करतो.

सगळ्यात जास्त संताप मला एका वाक्याचा येतो. सोयरीक जमताना वरपक्ष पाय पसरून म्हणतो, "आमचं काही मागणं नाही, तुमच्या पोरीले काय द्यायचं ते द्या." हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. हे वाक्य त्या कायद्याच्या डोळ्यांत धूळ टाकायला घडवलेलं आहे. मागत नाही म्हणायचं आणि भाव बापाच्या तोंडून बोलवून घ्यायचा. आणि बाप तरी काय देतो? चार वर्षांत भंगारात जाणारं लोखंड. खरं द्यायचं ते तो देत नाही. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली पोरीला वडिलार्जित जमिनीत पोराइतका वाटा दिला. आमच्याकडे त्या वाट्याचं काय होतं? बाप गेला की भाऊ रसवंतीवर रस पाजतात, तहसीलला नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. बहिणीनं कुरकुर केलीच तर सांगतात, "तुले आंदण देल्लं ना." मांडवात माईकवर वाचलेली ती यादी म्हणजे तिचा सातबारा पुसायची पावती आहे. माझ्या दोन बहिणींच्या सह्या मीही घेतल्या आहेत, वीस वर्षांपूर्वी. थोरलीला तेव्हा घरी परतताना एसटीत रडू आलं होतं, हे मला तिच्या पोरानं मागच्या वर्षी सांगितलं. तिचं कपाट गंजून कधीच मोडीत गेलं, आणि तिचा वाटा मी अजून पेरतो आहे. दिवाळीला दोघी आल्या की तलाठ्याकडे जाऊ, असं मी त्यांना कळवलं आहे.

माझ्या धाकटीला पाहायला या महिन्यात पाहुणे आले होते. पोरगा शिकलेला, माणसं बरी. चहा झाला, पोहे झाले, आणि पोराच्या काकानं तेच वाक्य काढलं. मी म्हणालो, "पोरीले शिकवलं. एक एकर तिच्या नावावर करून देतो, ते सातबाऱ्यावर राहीन. मांडवात काही मांडणार नाही, अन् माईकवर काही वाचणार नाही." खोलीत कोणी बोललं नाही. मग काका उठले, टोपी घातली, विचार करून सांगतो म्हणाले.

अजून फोन आला नाही. नाही आला तरी तो एकर तिचाच.