मोटर घेणे सोपे, राखणे अवघड

१५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. सोमाटण्याहून हे ठिकाण फार दूर नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन याच तालुक्यात, सुदुंबरे येथे असल्याने तिची पथके मदतीस येऊ शकली. असा योग सर्वच तालुक्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणून नदीकाठच्या गावांनी स्वतःची मोटरबोट ठेवावी, असे अनेकांना वाटणे स्वाभाविक आहे. विचार योग्यच, तथापि मोटर विकत घेणे आणि ती राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

वसईच्या पाचूबंदर वा अर्नाळा येथील आपल्या कोळी बांधवांच्या मोठ्या बोटींत डिझेल इंजिन बोटीच्या पोटातच बसवलेले असते. त्याचा दांडा मागच्या बाजूने पाण्यात उतरतो व त्याच्या टोकाला पंखा असतो. दांडा जेथून बाहेर पडतो तेथून पाणी आत शिरू नये म्हणून ग्रीस आणि पॅकिंग सतत पाहावे लागते. पंखा किंवा तळ दुरुस्त करायचा तर अख्खी बोट किनाऱ्यावर ओढावी लागते. काम खर्चाचे व कष्टाचे आहे. तरीही ते दरवर्षी होते. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत बोट शाकारली जाते, इंजिन उघडले जाते, डागडुजी होते. बंदी उठताच बोट निघाली नाही तर घरची चूल पेटणार नाही, हे तांडेलाला कोणी सांगावे लागत नाही.

बोटीच्या मागील फळीवर अडकवायची सुटी मोटर याउलट. लहान मोटर दोन माणसे सहज उचलून नेतात. उथळ पाण्यात तिचा पंखा वर घेता येतो. बचावकार्याला हीच सोयीची. मात्र जी सहज उचलता येते ती सहज कोठारातही जाते. पेट्रोल काही महिन्यांत शिळे होऊन कार्बोरेटर चिकटतो. पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी पाती कडक होतात, पुराच्या गाळाने झिजतात आणि मोटर तापून ऐन प्रवाहात बंद पडते. शिवाय हिचे पंचांगच उलटे: मच्छीमाराची बोट पावसाळ्यात विसावते, हिला नेमके तेव्हाच धावायचे असते.

केरळात लहान होड्यांवर अशा मोटरी आल्या, तेव्हा १९८० साली स्थापन झालेल्या ‘सिफ्स’ या मच्छीमार सहकारी संस्थांच्या महासंघाने त्यांच्या दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर कार्यशाळा उभारल्या. तिरुवनंतपुरम धर्मप्रांताने वसवलेल्या मरियनाड गावातील सहकारी प्रयोगात या चळवळीचे मूळ आहे. मोटरीबरोबर कारागीरही हवा, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

मग मावळातील गावात मोटर आली तर तिचा तांडेल कोण? समिती नव्हे (समित्यांचा अनुभव आपणा सर्वांस आहेच), तर नावानिशी ठरलेले दोन-तीन तरुण हवेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे बसलेली बोट उलटली, तेव्हा माणसे किती बसवावीत हे ठामपणे सांगणाराही तोच तांडेल असावा लागेल. त्याने एप्रिलमध्ये गिअरचे ऑइल बदलावे, टाकीत ताजे पेट्रोल भरावे आणि पाण्याच्या पिंपात पंखा बुडवून दर पंधरवड्याला मोटर काही मिनिटे चालवावी. मे महिन्यात नदीवर प्रत्यक्ष सराव व्हावा. मोटर बंद पडल्यास वल्ही कोठे ठेवली आहेत, तेही त्याच दिवशी पाहून घ्यावे.