माळ फेकू नका, बल्ब शोधा

२०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिमांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. समजूतदारपणाच तो. पण सण संपल्यावर बंद पडलेल्या लाइटच्या माळा उकिरड्यावर टाकण्यात आमच्या पालीत दोन्ही समाज सारखेच बेफिकीर.

माळेत दोष असतो तरी किती? पन्नास बल्ब एकसर जोडलेले. २३० व्होल्टचे प्रत्येकी साधारण साडेचार वाटून घेणारे. एक गेला की एकोणपन्नास शाबूत असूनही अंधार. तारेला न टेकवता वीज ओळखणारा, पेनासारखा टेस्टर फेजकडच्या टोकापासून एकेका बल्बजवळ न्या. तो गप्प होतो तिथला बल्ब गेला. आधी प्लग काढा, मग तेवढाच बदला.

“सर, त्यापेक्षा नवी स्वस्त पडते!” स्वस्त कशी? उकिरड्यावर तिचे प्लास्टिक जळते, तो धूर आपलीच पोरे हुंगतात. मिलादच्या रोषणाईला इस्राफ म्हणून तावातावाने वाद घालणाऱ्यांना ही फेकाफेक दिसत नाही?

मी भाषेचा शिक्षक. पण एकसर जोडणीचे गुण मिळवलेला विद्यार्थी घरची माळ फेकतो, तेव्हा नापास आम्ही शिक्षकच झालेलो असतो. यंदा नवी आणण्याआधी जुनी काढा आणि पोरांना शेजारी बसवा.